उद्यान क्रमांक चारचे मुकादम

मुकादमांविषयी लिहायचा मला अधिकार नाही, असं माझी बायको म्हणते. ज्या माणसाचं पन्नास वर्षांचं काम मी वीस मिनिटांत मातीत घातलं, त्याच्यावर मी निदान लेख तरी लिहू नये, असं तिचं म्हणणं. मुकादम जाऊन आता दीड वर्ष झालं. तरीही ती हे म्हणते, आणि म्हणते तेव्हा बरोबरच म्हणते. पण अधिकार नसलेल्या विषयांवर लिहिण्यातच माझं निवृत्तीनंतरचं आयुष्य गेलंय, तेव्हा आणखी एक.

मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. नगरच्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षं पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या. (शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे. आम्ही पूर्वी सगळं अहमदनगर म्हणण्याचा कंटाळा करून नगर म्हणायचो, आता अहिल्यानगर म्हणण्याचा कंटाळा करून नगर म्हणतो.) निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी व्यसन लागतं. कुणाला भजनाचं, कुणाला शेअर बाजाराचं, मला संशोधनाचं लागलं. ‘इतिहास संशोधक’ अशी कार्डं छापून घेतली. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर बायको किराणा लिहून देते, त्यामुळे आमच्या वाण्याला माझं कार्य चांगलं परिचित आहे. एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मला कोपरा मिळाला, आणि शहराच्या दुर्दैवानं मी लिहू लागलो.

आमच्या घरामागे एक बाग आहे. फार मोठी नाही. चालायला निघालं तर सात मिनिटांत आपण परत फाटकाशी येतो. आत एक जुनी चिंच, तिच्याखाली दगडी ओटा, एका बाजूला विटांचा हौद, दुसऱ्या बाजूला गोल चौथरा, आणि बाकी कडुनिंब, बकुळ, सोनमोहर. महापालिकेच्या कागदावर ते ‘उद्यान क्रमांक चार’. पण त्या नावानं तिला कुणी हाक मारत नसे. मिशन कंपाउंडातली मंडळी तिला बँडबाग म्हणत, जुन्या मोहल्ल्यातले लोक हौदबाग म्हणत आणि तालमीकडचे बुवांची बाग.

मी पहिल्यांदा तिथं वही घेऊन गेलो तेव्हा डोक्याला पटका गुंडाळलेला, कमरेला खुरपं खोचलेला एक वाळका माणूस गवतावर बसलेल्या एका कुटुंबाला उठवत होता. “उटा, उटा. तिकडं बाकं हायेत. गवतानं काय घोडं मारलंय तुमचं?” हेच मुकादम. पालिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. सकाळी सहाला येत, ऊन चढलं की चिंचेखाली भाकरी खात, आणि संध्याकाळी फाटक लावून जात. त्यांच्या जागी नेमलेला माणूस याला सोय समजून आठवड्यातून एकदा सही करायला येई.

मी त्यांना विचारलं, “या बागेचं खरं नाव काय हो?”

“तुमी कुटले?” त्यांनी उलट विचारलं.

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. पत्ता विचारला तरी, किती वाजले विचारलं तरी. आधी तुमी कुटले. मला ते गावाकडचं अगत्य वाटलं. ते स्वतः मिरजगावकडचे, बहात्तरच्या दुष्काळात पोट घेऊन नगरला आलेले.

“मी इतिहासाचा शिक्षक,” मी म्हणालो.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. “मंग तुमाला तिनी सांगतो,” ते म्हणाले.

आणि त्यांनी तिन्ही नावांच्या तीन हकिकती सांगितल्या. गोऱ्यांच्या काळी चौथऱ्यावर मिशनच्या पोरांचा बँड वाजायचा. त्याहून जुना हौद. कोण्या बेगमेनं वाटसरूंसाठी बांधलेला. आणि चिंच सगळ्यात जुनी. तिच्याखाली एक बुवा बारा वर्षं मौन धरून बसले होते, जाताना ओट्यावर पावलं उमटवून गेले. मी भराभर लिहून घेतलं. एका बागेत तीन थर. दुसरा एखादा असता तर त्याला एवढं आयतं मिळाल्याची शंका आली असती. मला आनंद झाला.

मुकादमांच्या विक्षिप्तपणातली पहिली गोष्ट म्हणजे ते बागेत चप्पल घालत नसत. फाटकाशी काढून ठेवायचे आणि दिवसभर अनवाणी. मला वाटलं, भक्तिभाव असेल. तसं मी लिहिलंही. पुढे कळलं की ते पायानं माती वाचत. “डोळ्याला वरचं दिसतं. वल कुटवर हाय ते तळपायाला कळतं.” कुठल्या झाडाला आज पाणी हवं नि कुठल्याला परवा चालेल, हे ते एक चक्कर मारून सांगत. एकदा त्यांनी मलाही बूट काढायला लावले. मी डोळे मिटून दहा पावलं चाललो.

“काय कळलं?”

“खडे टोचतात.”

“तुमचा पाय निस्ता बुटात वाढलाय, सर,” ते कीव करत म्हणाले.

वृक्षारोपणाला आलेल्या पाहुण्यांवर त्यांचा विशेष राग. पाहुणे गेले की ते रोप उपटून नीट, खोल खड्ड्यात पुन्हा लावत. म्हणत, “लावनारा मानूस लई भेटतो. पानी घालनारा दुसऱ्या वर्साला कळतो.” झाडांशी ते तुसडेपणानं बोलत. एका बकुळीला तर ते कायम ‘ऐतखाऊ’ म्हणत, आणि सगळ्यात जास्त पाणी तिलाच घालत.

पाण्याची तिथं एक रीत होती. पालिकेचा नळ आठवड्यातून दोनदा, तोही करंगळीएवढा. त्यामुळे होळी झाली की सकाळी फिरायला येणारा प्रत्येक जण घरून पाण्याचा डबा घेऊन येई. मिशन कंपाउंडातले लोक चौथऱ्याकडच्या झाडांना घालत, मोहल्ल्यातले हौदाकडच्या, तालमीतले चिंचेच्या बाजूला. मृगापर्यंत हे चाले. कुणी कुणाला सांगत नसे. मी इतक्या वर्षांचा शेजारी, पण डबा कधी नेला नाही. मी निरीक्षण करत असे.

मग माझे लेख आले. लागोपाठ तीन रविवार. पहिल्यात मी बँड सिद्ध केला: चौथऱ्याचा व्यास, आवाज घुमण्याची सोय वगैरे. दुसऱ्यात हौद: विटांचा आकार आणि चुन्याचा रंग पाहून मी तो बेधडक निजामशाहीत नेऊन ठेवला. तिसऱ्यात बुवांच्या पादुका. प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘यावरून हेच नाव मूळ असावे हे निर्विवाद’ असं वाक्य होतं. तीन लेखांत मिळून तीन गोष्टी निर्विवाद झाल्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. लोकांच्या आलं.

नेमकं त्याच वेळी बागेच्या सुशोभीकरणाचं काम मंजूर झालं आणि नगरसेवकांनी फाटकावर मोठी कमान उभारायचं ठरवलं. कमान आली म्हणजे नाव आलं. पन्नास वर्षं तीन नावं एकाच बागेत सुखानं नांदत होती. कमानीवर मात्र एकाचीच जागा. तिन्हीकडून अर्ज गेले आणि प्रत्येक अर्जाला माझं कात्रण जोडलेलं होतं. माझा एवढा वाचकवर्ग आहे हे मला तेव्हाच कळलं. बोलाचाली झाल्या, एका सकाळी फाटकाशी धक्काबुक्कीही झाली, आणि नगरसेवकांनी निर्णय होईपर्यंत बागेला कुलूप ठोकलं.

तो चैत्र होता. उन्हं तापलेली. आत झाडं, बाहेर डबे.

मुकादमांना त्या कुलपानं पार खाल्लं. ते मागच्या पडक्या भिंतीवरून आत उतरत आणि नळाला जे येईल ते घालत. पण एका म्हाताऱ्याच्यानं किती होणार? लावून दोनच वर्षं झालेली रोपं माना टाकायला लागली. “पंधरा दिसांत मिटलं न्हाई तर धाकली सगळी जात्यात,” ते म्हणाले. मी म्हणालो, “नगरसेवकांनी बैठक बोलावलीय. तज्ज्ञ म्हणून मला बोलावलंय. मी मिटवतो.” माझ्याकडे एकदा पाहून ते पुन्हा भिंतीकडे वळले.

बैठकीच्या आदल्या दिवशी पादुकांची मापं घ्यायला मीही ती भिंत चढलो. कसा चढलो ते विचारू नका. मुकादमांनी खालून ढकललं. एरवी त्या पादुका फुलांत नि गुलालात बुडालेल्या असायच्या. आता बागच बंद, त्यामुळे ओटा स्वच्छ होता. मी टेप लावला. डाव्या पावलाची करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून, पार बाहेर वळलेली होती. मी ते वहीत टिपून घेत होतो, आणि बाजूला मुकादम उभे होते. अनवाणी.

मी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या डाव्या पायाकडे. तीस वर्षं मुलांना मी ‘पुरावा बोलतो’ असं शिकवलं होतं. माझ्याशी तो प्रथमच बोलत होता.

“मुकादम, हे काय आहे?”

“वट्यावरलं सिमिट वलं हुतं,” ते शांतपणे म्हणाले. “चिंचेचं फाटं तोडाया चढलो, उतारताना पडलं दोनी पाय. मला काय म्हाईत बुवा व्हईन म्हून.”

“आणि हौद?”

“त्यो पालिकेनं बांदला. वेशीची भिंत पडली हुती, तिच्या इटा आनल्या. चुना मी कालवला.”

“चौथरा?”

“खताचा खड्डा हुता. बुजिवला.”

माझे तीन रविवार असे एका दमात गेले. मी ओट्यावरच बसलो, बुवांच्या शेजारी.

मग त्यांनी सांगितलं. बहात्तर साली पालिकेनं हुकूम दिला, माणसाला प्यायला पाणी नाही, बागेची झाडं मरू द्या. मुकादमांना तर नोकरीला लागून चारच महिने झालेले. “गावाकडं सगळं वाळून गेलेलं बघून आल्तो. हितं बी तेच बगायचं म्हनल्यावर नगं वाटलं. मिशन कंपाउंडात हीर हुती, पानी व्हतं थोडं. तितं एक म्हातारं मास्तर व्हते. म्हनलो, मास्तर, तुमच्या बँडाच्या बागंला पानी न्हाई. ते म्हनले, कोनचा बँड? म्हनलो, तुमच्या वाडवडलांचा, चौथऱ्यावर वाजवायचे त्यो. लई येळ इचार केला त्यांनी. मंग म्हनले, व्हय, आमच्या आज्याकडं कर्ना व्हता खरा. दुसऱ्या दिसापासून घागरी यायला लागल्या.”

पुढच्या उन्हाळ्यांत मोहल्ल्यात ते बेगमेचा हौद घेऊन गेले, तालमीत बुवा घेऊन. “मी निस्तं सुरू केलं, सर. म्होरचं लोकान्ला आपआपलं आठवत गेलं.”

“पण हे खोटं आहे, मुकादम.”

“पानी खरं हुतं की.”

निघताना त्यांनी एकच मागणं केलं. “उद्या मिटिंगमदी तिनी खरं म्हना. न्हाईतर मुकं ऱ्हावा. कमानीवर तिनी लिवा म्हना, नाहीतर एक बी लिवू नका म्हना. पन कुनाचं खोटं हाय आसं म्हनू नका. ज्याचं खोटं ठरंल त्याचं पानी बंद हुईन.”

मी मान हलवली. नुसती मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला पटवलं होतं. कारण वाटेतच मला एक वाक्य सुचलं होतं. ‘इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर संशोधकाने प्रथम स्वतःची चूक जाहीर केली पाहिजे.’ काय वाक्य होतं! असं वाक्य सुचलेला माणूस गप्प बसू शकत नाही. स्वतःची चूक कबूल करणारा संशोधक नगर जिल्ह्यात आजवर झाला नव्हता. तो मान मला दिसू लागला. मी ते वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आणि त्या झाडांचं काय?” मी म्हणालो, “झाडं हा वेगळा विषय आहे.”

बैठक भर दुपारी प्रभाग कार्यालयात झाली. मिशनच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, मोहल्ल्यातले शिंपी चाचा आणि तालमीचे वस्ताद असे तिघं तीन बाजूंना बसले होते. तिघांच्या हातात माझी कात्रणं. मुकादम दाराशी स्टुलावर.

“सरांनीच लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

“हमारा भी सर नेच लिखा है,” चाचा म्हणाले.

“सर, आता एकदा सोक्षमोक्ष लावा,” नगरसेवक म्हणाले.

मी उठलो आणि वीस मिनिटं बोललो. सुरुवातीला ते वाक्य घेतलं. मग सिमेंट, वेशीच्या विटा, खताचा खड्डा, आणि शेवटी करंगळी. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मुकादमांनी पाय स्टुलाखाली ओढून घेतले. एवढा एक क्षण माझी जीभ अडखळली, पण पुढचं वाक्यही चांगलं होतं.

वस्ताद प्रथम हसले. मग चाचांनी कात्रणाची नीट घडी करून खिशात ठेवली. बाईंनी चष्मा काढला. “माझे आजोबा वाजवायचे तिथं,” त्या हळूच म्हणाल्या. “मला आठवतं.” ज्याला एवढा वेळ बोलता आलं, त्याला त्या बाईंना एक शब्द सांगता आला नाही, याची मला आजही लाज वाटते.

नगरसेवक खूश झाले. भांडण मिटलं होतं. जे नाव ठरेल त्याच्या माणसाला घालायला आणलेला हार त्यांनी माझ्याच गळ्यात घातला. कमानीवर ‘उद्यान क्रमांक चार’ असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप निघालं.

लोक फिरायला आले. हात हलवत आले. डबा एकाच्याही हातात नव्हता.

चार दिवस वाट पाहून मी बाईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली. मी पाण्याचा विषय काढला. “पालिकेची बाग आहे ना, सर,” त्या म्हणाल्या, “पालिका घालील.” त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. चाचा म्हणाले, घरीच पाणी पुरत नाही. वस्ताद तर भेटलेच नाहीत. चौथऱ्याजवळच्या दोन कोवळ्या बकुळी वैशाखात वाळल्या. ओट्यावर फूल पडेना.

मुकादम मला एका शब्दानं बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी बागेत गेलो तेव्हा त्यांनी दोन डबे माझ्यासमोर ठेवले. “धरा,” एवढंच म्हणाले. मी बूट काढले आणि धरले. आमच्या घरच्या नळापासून बागेपर्यंत, सकाळी आठ खेपा. पाठीला पट्टा बांधून देताना बायको म्हणाली, “आता झालात खरे संशोधक.” आम्ही दोघं म्हातारे आणि एवढी झाडं. रोज घरी परतताना मी आज कुठली झाडं सोडून दिली ते मोजत असे. ती झोपेतही दिसत.

वैशाखाच्या शेवटी एक गृहस्थ बागेत आले. समोरच्या नव्या इमारतीत नुकतेच राहायला आले होते. ‘तुम्ही कुठले’ हे मी आधी विचारून घेतलं: राहुरीकडचे, घरची शेती, शेतकी खात्यातून निवृत्त. झाडांची पानं उलटी करून बघत होते. “काय विशेष आहे का हो या बागेचं?” त्यांनी विचारलं. मुकादमांना तेव्हा दम्यानं बोलवत नव्हतं. ते बाकावर बसून माझ्याकडे बघत होते.

“तुमचीच आहे की ही,” मी म्हणालो. मला माझाच आवाज अनोळखी वाटला. “इथं पूर्वी आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. राहुरीकडचे शेतकरी बैलगाड्या घेऊन यायचे न्यायला. जुने लोक कलमबागच म्हणायचे. अठराशे अठ्ठ्याण्णव साली—”

मुकादमांना जोराची ढास लागली. गृहस्थ विचार करत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. हातात पाच लिटरचा डबा होता, पण तो त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता. “ते अठ्ठ्याण्णव सालाचं म्हणालात, त्याचा काही कागद पाहायला मिळेल का?” बाकावरून मुकादम धापा टाकत म्हणाले, “कागद बहात्तरात वाळवीनं खाल्लं, सायेब. सरांचं साल बी चुकलं आसंल. तुमच्या आज्याच्या टायमाची गोस्ट हाय ती.”

गृहस्थांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. “आजोबांच्या वेळची,” ते म्हणाले. “आमच्या विहिरीवरच्या आंब्याचं रोप नगरहून आणलं होतं, असं काहीतरी म्हणायचे खरं.” मग त्यांनी वाकून डबा एका रोपाच्या आळ्यात रिकामा केला आणि दुसरा आणायला घराकडे गेले.

मुकादमांनी मला जवळ बसवलं. दम लागलेला, तरी ते तुटक तुटक बोलले. “सर, परत साल सांगू नका. साल सांगितलं का मानूस कागद मागतो. निस्तं आज्याच्या टायमाला म्हनायचं आन् गप ऱ्हायचं. पुरावा त्यो घरून आनतो.”